थापी आणि प्रबंध

श्रोतेहो, 'डॉक्टर' हा शब्द कानी पडला की आपल्यापुढे प्रथम उभा राहतो तो नाडी पाहणारा. त्याच्यामागून येतो तो ज्ञानेश्वरीवर किंवा मराठेशाहीच्या कागदपत्रांवर प्रबंध लिहून पंडित झालेला प्राध्यापक. परंतु घर बांधणाराने डॉक्टर व्हावे ही गोष्ट सामान्य गृहस्थाला अजूनही थोडी चमत्कारिकच वाटते. गळणारे छप्पर प्रबंधाने थांबते काय? भिंत ओळंब्यात आहे की नाही हे पदवीधराला अधिक कळते की चाळीस वर्षे थापी चालविणाऱ्या गवंड्याला? हा प्रश्न थट्टेचा दिसला तरी थट्टेचा नाही. वास्तुविद्येत पंडित-पदवी देण्याची चाल जगात सुरू होऊन सव्वाशे वर्षे होऊन गेली, आणि या सव्वाशे वर्षांत ती पदवी घेणाऱ्यांनाही याच प्रश्नाने छळले आहे. त्या इतिहासातील दोन-तीन प्रकरणे आज आपल्यापुढे मांडण्याचा आमचा विचार आहे. त्यांपैकी दोहोंचा आपल्या देशाशी निकटचा संबंध आहे.

आरंभी एक जुनी साक्ष काढू. धारानगरीचा परमार राजा भोज याच्या नावावर 'समराङ्गणसूत्रधार' हा अकराव्या शतकातील वास्तुग्रंथ आहे. म. म. गणपतिशास्त्री यांनी तो संपादिला आणि बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो १९२४-२५ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. या ग्रंथात स्थपतीची लक्षणे सांगताना चार गोष्टी मागितल्या आहेत : शास्त्र, कर्म, प्रज्ञा आणि शील. नुसते शास्त्र जाणणारा प्रत्यक्ष कामाच्या वेळी रणांगण पाहिलेल्या भित्र्यासारखा गांगरतो. नुसते कर्म जाणणारा आंधळ्याप्रमाणे दुसऱ्याच्या हाताने चालतो, असा त्या विवेचनाचा भावार्थ आहे. रोमचा वास्तुकार व्हिट्रुव्हियस यानेही त्यापूर्वी हजार वर्षे हातचे कौशल्य आणि बुद्धीचा विचार ही दोन्ही अंगे वास्तुकाराला हवीत, असेच सांगून ठेविले आहे. तात्पर्य, थापी आणि पोथी यांचा झगडा आजचा नाही, आणि दोन्ही एका माणसाच्या ठायी असावीत हा निकालही आजचा नाही. अर्वाचीन काळात नवे झाले ते एवढेच की, पोथी विद्यापीठाच्या हाती गेली आणि थापी रस्त्यावर राहिली.

ही फाळणी कशी झाली ते पाहावयाचे तर जर्मनीत जावे लागते. बर्लिनमध्ये १७९९ साली बांधकामविद्येची एक अकादमी स्थापन झाली होती. पुढे ती इतर संस्थेशी एकत्र होऊन बर्लिनला लागून असलेल्या शार्लोटेनबुर्ग येथील मोठे तांत्रिक विद्यालय बनले. येथून निघालेले विद्यार्थी पूल बांधीत, कारखाने उभारीत, राजवाडे सजवीत. पण विद्यापीठातील लॅटिन-ग्रीक पढलेल्या पंडितांच्या पंक्तीला त्यांचे पान नव्हते. त्यांना डॉक्टर पदवी देण्याचा अधिकार त्यांच्या विद्यालयास नव्हता. अखेर १८९९ च्या ऑक्टोबरात शार्लोटेनबुर्गचा शतसांवत्सरिक उत्सव साजरा होत असता सम्राट दुसरा विल्हेल्म याने प्रशियातील तांत्रिक विद्यालयांना तो अधिकार बहाल केला. मौज अशी की, विद्यापीठांची मने दुखावू नयेत म्हणून या नव्या पदवीला एक खूण लावण्यात आली. जुने डॉक्टर आपली पदवी लॅटिनमध्ये मिरवीत. अभियंत्याच्या डॉक्टराने मात्र ती जर्मन भाषेत, जर्मन वळणाच्या अक्षरांत लिहावयाची! पंक्तीला पान मिळाले, पण ते थोडे दूर मांडलेले. जर्मनीतील इतर राज्यांनी लवकरच हा कित्ता गिरविला, आणि वास्तुविशारदही या वाटेने डॉक्टर होऊ लागले.

पदवी मिळाली, पण प्रबंध लिहावयाचा कशावर? नवे घर बांधणे हा काही प्रबंध नव्हे. ते चांगले की वाईट हे राहणारा ठरवील, आणि तेही वीस वर्षांनी. विद्यापीठाला हवा असतो पुरावा. म्हणून या पहिल्या पिढीतील अनेक वास्तुविशारदांनी जुन्या इमारतींचा आश्रय केला. इराकातील प्राचीन अश्शूर नगरीचे उत्खनन करणारे वाल्टर आंद्रे यांनी तेथील अनु-अदाद मंदिरावर प्रबंध लिहिला. ओस्कार रॉयटर यांनी बगदाद व इराकातील इतर शहरांतल्या राहत्या घरांवर लिहिला. हे लोक फीत घेऊन भिंत मोजीत, वीट मोजीत, जोड कसा दिला ते रेखाटीत. भिंत मोजली की ती वादातीत होते. अशा रीतीने घर बांधणाऱ्याची पंडित-पदवी प्रथम पडलेल्या घरांवर मिळू लागली!

आपल्याकडे याच सुमारास उलट बाजूने काम चालले होते. प्रसन्नकुमार आचार्य यांनी हॉलंडमधील लायडन विद्यापीठाची डॉक्टर पदवी मिळविली, 'मानसार' या शिल्पग्रंथाला आयुष्य वाहिले, आणि १९२७ साली हिंदू वास्तुविद्येच्या पारिभाषिक शब्दांचा कोश सिद्ध केला. ते संस्कृतचे पंडित होते; ओळंबा धरणे हा त्यांचा व्यवसाय नव्हता. याच्या जोडीला आपल्या महाराष्ट्रातील एक नाव घेतलेच पाहिजे. कृष्णाजी विनायक वझे हे पेशाने अभियंते. सरकारी बांधकामे करता करता त्यांनी शिल्पसंहिता धुंडाळल्या आणि 'प्राचीन हिंदी शिल्पशास्त्रसार' मराठीत लिहिला. तथापि भोजाने मागितलेली चार लक्षणे शिकविण्याची सोय ना संस्कृतच्या वर्गात होती, ना आराखडे काढावयास शिकविणाऱ्या शाळेत. पुढे डॉ. म. श्री. माटे यांचा मराठा वास्तुशिल्पावरील इंग्रजी ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९५९ साली प्रसिद्ध केला, तोही पुरातत्त्वाच्या अंगणातून आलेला होता.

आता पहिले प्रकरण. ओटो कोनिग्सबर्गर हे १९०८ साली बर्लिन येथे जन्मलेले ज्यू वास्तुविशारद. १९३३ साली त्यांना शिंकेलच्या नावाचे मानाचे पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी हिटलरशाही आली. स्वदेशात काम मिळणे बंद झाले तेव्हा ते मिसर देशात लुडविग बोर्खार्ट यांच्या हाताखाली प्राचीन बांधकामांचा अभ्यास करू लागले. तेथे त्यांनी डॉक्टर पदवीसाठी विषय घेतला तो कोणता? प्राचीन मिसरी दाराची रचना! पिरॅमिड नव्हे, मंदिर नव्हे, नुसते दार. १९३६ साली तो प्रबंध ग्रंथरूपाने निघाला.

आपल्याला हसू येईल, पण दार ही गोष्ट क्षुल्लक नाही. मिसरी दाराला आजच्यासारखी बिजागरी नव्हती. फळीच्या एका कडेला वर-खाली खुंट्या ठेवीत आणि त्या उंबऱ्यातल्या व वरच्या खोबणीत फिरत. आपल्या जुन्या वाड्यांचे दिंडीदरवाजे ज्यांनी पाहिले असतील त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. दार कोणत्या लाकडाचे, फळ्या कशा जोडल्या, भार कोठे येतो, दार आधी बसविले की भिंत आधी रचली, या एकेका प्रश्नातून एका संस्कृतीची सुतारकी, लाकडाची टंचाई आणि चोराची भीती ही सगळी बाहेर येतात. लहान वस्तू धरून खोल जाणे ही प्रबंधाची शिस्त, आणि ती कोनिग्सबर्गर यांच्या अंगी बाणली.

१९३९ साली ते म्हैसूर संस्थानात सरकारी वास्तुविशारद म्हणून आले. बंगळूरला त्यांनी इमारती उभारल्या, टाटांसाठी जमशेदपूरची विकासयोजना आखली, आणि १९४८ साली नव्या भुवनेश्वरचा आराखडा केला. फाळणीनंतर लक्षावधी निर्वासित छपराविना पडले असता १९४८ ते १९५१ या काळात ते भारत सरकारचे गृहनिर्माण-संचालक होते. दाराचा पंडित आता एका खंडप्राय देशाच्या दारांचा कारभारी झाला! घरे झटपट हवीत म्हणून दिल्लीत तयार भागांची घरे ओतण्याचा सरकारी कारखाना निघाला. भिंतींचे तक्ते कारखान्यात ओतावयाचे आणि जागेवर नेऊन जोडावयाचे, अशी ती योजना होती. पण तक्त्यांना तडे जाऊ लागले, संसदेत गदारोळ उठला, योजना बसली, आणि १९५१ साली त्यांनी हिंदुस्थान सोडला.

येथे कोणी म्हणेल, पाहा, प्रबंध फुकट गेला! आम्हांस तसे वाटत नाही. प्रबंधाची खरी कसोटी पुढेच लागली. लंडनला गेल्यावर त्यांनी उष्ण कटिबंधातील वास्तुविद्येचे शिक्षण देणाऱ्या विभागाची धुरा वाहिली. तेथे आशिया-आफ्रिकेतील तरुण शिकावयास येत. हिंदुस्थानात जे फसले ते का फसले याचा हिशेब त्यांनी मांडला. वीस वर्षांचा भव्य आराखडा कागदावर पुरा होईतो शहर त्याच्या पुढे निघून जाते. म्हणून थोडे करावे, काय झाले ते पाहावे, आणि पुढचे पाऊल त्यावरून ठरवावे, हा विचार त्यांनी १९६० नंतरच्या दशकात मांडला. सहकाऱ्यांसह १९७४ साली लिहिलेले उष्ण प्रदेशातील घरबांधणीचे त्यांचे पुस्तक आपल्याकडच्या वास्तुविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या वापरले गेले. गावाचे वर्षभराचे तपमान, हवेतील ओल आणि पाऊस मांडून त्यावरून भिंत जाड असावी की पातळ, खिडकी मोठी की लहान, घरांच्या ओळी मोकळ्या की दाट, हे ठरविण्याची रीत या मंडळींनी रूढ केली. मिसरी दाराची एकेक खुंटी तपासणारी नजर येथे दिल्लीच्या उन्हाकडे वळली होती. फसलेल्या कामाची नीट नोंद ठेवणे हाही पांडित्याचाच एक भाग आहे, किंबहुना तोच महत्त्वाचा भाग आहे.

दुसरे प्रकरण याहून नवलाचे. क्रिस्टोफर अलेक्झांडर यांचा जन्म १९३६ साली व्हिएन्ना येथे झाला. केंब्रिजला त्यांनी गणित आणि वास्तुविद्या या दोन्ही विषयांचे शिक्षण घेतले, आणि १९५८ साली ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. हार्वर्डने वास्तुविद्येत दिलेली पहिली पीएच.डी. त्यांची, हे वर्ष १९६३. पुढच्याच वर्षी तो प्रबंध पुस्तकरूपाने बाहेर आला आणि जगभरच्या वास्तुविद्यालयांत गाजला. या प्रबंधात कोणतेही पडके मंदिर मोजलेले नाही. घराचा आकार ठरतो तरी कसा, हाच त्याचा विषय. आणि आपला सिद्धांत सोदाहरण दाखविण्यासाठी अलेक्झांडर यांनी निवडले ते सहाशे वस्तीचे एक हिंदी शेतकरी खेडे! अभ्यासाच्या काळात ते गुजरातेतील बावरा नावाच्या गावी जाऊन राहिले होते.

त्यांचा युक्तिवाद सोपा आहे. ज्या समाजात घर बांधणारा आणि राहणारा एकच असतो तेथे चूक लगेच टोचते आणि लगेच दुरुस्त होते. पाऊस आत आला की पाखी खाली ओढली जाते. बदल मंद असतो, दुरुस्ती जलद असते. म्हणून शतकांच्या ओघात खेड्यातील घर कोणाही पंडितावाचून परिपूर्ण होते. पण काळ धावू लागला, नवी साधने आली, बांधणारा एक आणि राहणारा दुसरा झाला, की ही आपोआप होणारी दुरुस्ती तुटते. मग डोक्याने विचार करावा लागतो, आणि एका डोक्यात इतक्या गोष्टी मावत नाहीत.

म्हणून त्यांनी खेड्याच्या १४१ गरजांची यादी केली. त्यांत सणासमारंभांना जागा हवी ही बाब होती, घराचे दार दक्षिणेकडे नको हा रिवाज होता, गुरे पवित्र मानतात हे होते, एकत्र कुटुंब होते, पाणी, शेती, सरपण हे सर्व होते. मग प्रत्येक गरज दुसऱ्या प्रत्येक गरजेशी लावून पाहावयाची : या दोन एकमेकींना साहाय्य करतात, आड येतात, की त्यांचा संबंधच नाही? १४१ गरजांच्या अशा जोड्या होतात ९,८७०. हे जाळे सोडविणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे म्हणून ते गणकयंत्राला घातले. यंत्राने परस्परांत गुंतलेल्या गरजांचे बारा लहान गट आणि त्यांचे चार मोठे गट पाडले : गुरे, गाड्या व सरपण, शेती, पाटपाणी व मालाची वाटणी, गावाचे सामुदायिक जीवन, आणि घरातले खासगी जीवन. प्रत्येक गटाची एकेक आकृती काढून त्या जुळवल्या की खेड्याचा आराखडा सिद्ध.

या कामातील बुद्धीची झेप मोठी आहे यात शंका नाही. परंतु या यादीतच एक बाब अशी आहे की जिच्यापाशी आपण थांबले पाहिजे. हरिजनांना अपवित्र मानण्याची रूढी ही त्या १४१ बाबींतली अगदी पहिली बाब आहे. अलेक्झांडर यांनी ती गावात दिसली म्हणून लिहिली. त्यांचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. पण यंत्राला विहीर हा एक आकडा, आणि विहिरीवर एकाला येऊ न देणे हाही एक आकडा! आपल्या राज्यघटनेने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केल्याचे घोषित केले. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या पाण्यासाठी सत्याग्रह केला, ते पाणी आणि ती रूढी एकाच यादीत, एकाच मोलाने कशी बसणार? गरज म्हणजे कोणाची गरज, आणि यादी लिहिणाऱ्याने कोणाच्या ओसरीवर बसून ती लिहिली, हे यंत्र विचारीत नाही. येथे भोजाने मागितलेले चौथे लक्षण, शील, उपयोगी पडते. शास्त्र होते, प्रज्ञा तर विपुल होती. पण कोणत्या गरजा पुरवावयाच्या आणि कोणत्या मोडावयाच्या, हा निवाडा गणिताचा नसतो.

अलेक्झांडर यांच्या थोरपणाची खूण अशी की, ते स्वतःच्या प्रबंधापाशी अडून बसले नाहीत. १९६५ साली त्यांनी एक गाजलेला निबंध लिहिला. त्याचा आशय असा की, नगर हे झाडासारखे नसते. फांदीला फांदी फुटावी तसे कप्पे पाडून केलेले नगर निर्जीव होते, कारण खऱ्या नगरात एकच जागा अनेक व्यवहारांत गुंतलेली असते. अशा कप्पेबंद नगरांच्या उदाहरणांत त्यांनी आपले चंडीगडही घातले. पण नीट पाहिले तर खेड्याचे चार गट आणि त्यांतील बारा उपगट ही त्यांच्या प्रबंधातील मांडणीही झाडासारखीच होती! पुढे १९७१ च्या आवृत्तीला नवी प्रस्तावना जोडून, रीतीलाच विद्या समजून तिच्यामागे लागणाऱ्यांपासून त्यांनी आपणांस उघडपणे दूर केले. १९७७ साली सहकाऱ्यांसह त्यांनी बैठकीच्या कोनाड्यापासून नगररचनेपर्यंतचे २५३ नमुने सामान्य माणसाला वापरता येतील अशा भाषेत मांडले. त्यात गणकयंत्र नाही; माणूस कोठे बसतो, उजेड कोठून येतो, याचेच निरीक्षण आहे. २०२२ साली ते निवर्तले.

या कथांवरून आपल्या घराशी काय संबंध, असे कोणी विचारील तर आम्ही त्यास किल्लारीची आठवण देऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या भागात भूकंप झाला आणि काही सेकंदांत हजारो माणसे गाडली गेली. ती कशाखाली गाडली गेली? मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि जड माळवदाखाली. ही माळवदाची घरे मूर्ख माणसांनी बांधलेली नव्हती. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती गार राहत, हाताशी असलेल्या दगड-मातीतून होत, आणि पिढ्यान् पिढ्या सुधारत आलेली होती. पण आपोआप होणारी दुरुस्ती नेहमी टोचणाऱ्या चुकीचीच होते. पाऊस दर वर्षी येतो, म्हणून गळती सुधारते. भूकंप कित्येक पिढ्यांत एकदा येतो, म्हणून गावाच्या स्मृतीत त्याची नोंदच राहत नाही. भिंती कोसळल्या तरी लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर पेललेली कित्येक घरे तगली, ही गोष्ट भूकंपानंतर पाहणी करणाऱ्यांच्या ध्यानी आली. गवंड्याला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि ज्यांना ठाऊक असू शकले असते त्यांनी गावात येऊन सांगितले नव्हते.

मग नवी गावे वसली. ५२ गावे नव्या जागी उभी राहिली. बांधकाम मजबूत, पण कितीतरी ठिकाणी सरळ रुंद रस्ते आणि ओळीने घरे. ज्या गल्लीत आणि अंगणात बायका निवडटिपण करीत, जेथे गुरे बांधीत, जेथे शेजार उभा राहत असे, ती जागा आराखड्यात कोठे गेली? लोकांनी पुढे आपापल्या परीने पडव्या काढल्या, आडोसे केले, अंगणे बंद केली, आणि आपले जुने गाव नव्या गावात थोडेथोडे परत आणले. दगडाची चूक सुधारताना अंगण गमावले. पहिली चूक शास्त्र गावात न पोहोचल्याची, दुसरी चूक गाव शास्त्रात न पोहोचल्याची.

आमच्या मते वास्तुविद्येतील पंडित-पदवीचे प्रयोजन या दोन चुकांच्या मध्ये आहे. आज आपल्या देशात खरगपूर, रुडकी, दिल्ली अशा ठिकाणी वास्तुविद्येत डॉक्टर होता येते, आणि आपल्या गावांतील मुलेमुलीही त्या वाटेने जात आहेत. त्यांना घरचे लोक विचारतात : अरे, पाच वर्षे शिकलास, नकाशे काढता येतात, मग आणखी चार-पाच वर्षे कशाला? त्यांच्या वतीने उत्तर द्यावयाचे तर ते असे. घर बांधण्यासाठी ही पदवी लागत नाही. बांधलेले घर का टिकले आणि का पडले, त्यात कोण सुखी झाले आणि कोणाला ओसरीबाहेर राहावे लागले, हे पुढच्या बांधणाऱ्याला कळावे म्हणून ती आहे. गावाच्या स्मृतीला जे आठवत नाही ते आठवून ठेवणे हे तिचे काम. आणि ज्याने ते काम पत्करले त्याने मिसरी दाराच्या खुंटीइतके बारीक पाहिले पाहिजे, दिल्लीच्या तड्यांइतके प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे, आणि यादी करण्यास बसण्यापूर्वी गावातल्या शेवटच्या घरात जाऊन आले पाहिजे.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या शेजारचा एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या फीत घेऊन आपला जुना वाडा मोजावयास आली, चूल कोठे होती, पाणी कोठून येई, बाळंतिणीची खोली कोणती, असे रिकामटेकडे वाटणारे प्रश्न विचारू लागली, तर त्यांना वाटेला लावू नका. घरातल्या वडील बायकांना त्यांच्यापुढे बसवा, आणि जमल्यास गल्लीतल्या म्हाताऱ्या गवंड्यालाही बोलावून घ्या. थापीला जे ठाऊक आहे ते प्रबंधात उतरण्याची तीच एक वाट आहे. आणि वाडे ज्या वेगाने पडत आहेत ते पाहता ती वाट फार दिवस उघडी राहील असे नाही.